बोधचिन्हांचे आणि अक्षरांचे शिल्पकार : आर. के. जोशी

पेढीवरची पाटी, मालावरचा छाप आणि बिलाच्या माथ्यावरील निशाणी यांचे मोल व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. नाव डागाळले की पत जाते, हे आपल्या वाडवडिलांनी कोणत्याही सल्लागाराची फी न देता ओळखले होते. अलीकडे मात्र या कामाचा एक स्वतंत्र व्यवसायच झाला असून, पेढीची निशाणी काढून देणारे व संगणकाच्या जाळ्यावर तिचे दालन सजवून देणारे तज्ज्ञ गावोगाव दिसू लागले आहेत. या दोन्ही कामांच्या मुळाशी ज्यांचा हात पोहोचला आहे, अशा एका मराठी कलावंताचा परिचय आमच्या सभासदांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

रघुनाथ कृष्ण जोशी (1936–2008) हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. जाहिरात-व्यवसायात त्यांची दोन तपांहून अधिक वर्षे गेली. त्यांपैकी 1961 पासून 1983 पर्यंतची ‘उल्का’ या संस्थेत. पंजाब नॅशनल बँकेचे बोधचिन्ह त्यांचे. वेलकमग्रुप हॉटेलांचे हात जोडून स्वागत करणारे चिन्हही त्यांचेच. वाचता न येणाऱ्यासही जे ओळखता येते तेच खरे चिन्ह, या कसोटीला तो नमस्कार पुरेपूर उतरतो. एवढा जम बसलेला धंदा सोडून ते 1983 साली पवईच्या आय. आय. टी. मध्ये शिकवावयास गेले व 1996 पर्यंत तेथे राहिले. व्यवहारी दृष्टीने हा सौदा फायद्याचा खासच नव्हता.

पण त्यांचे आमच्यावरील खरे ऋण त्यापुढचे आहे. संगणकावर देवनागरी आली तेव्हा प्रत्येक फाँटकर्त्याने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. त्यामुळे एका दुकानात मराठीत टंकलेला भावफलक दुसऱ्या दुकानात उघडला, की ‘साखर’ आणि ‘तूरडाळ’ यांच्या जागी रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची खिचडी दिसे. हा मनस्ताप आमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. 1991 साली युनिकोड या जागतिक संकेताने देवनागरीस कायमचे क्रमांक दिले खरे; परंतु क्रमांक म्हणजे अक्षर नव्हे. ‘किराणा’ या शब्दातील वेलांटी संगणकात ‘क’ नंतर साठवली जाते, डोळ्यांस मात्र ती आधी दिसली पाहिजे. ‘अर्थ’ मधला रफार डोक्यावर चढावयास हवा, ‘प्रत’ मधला र पायाशी यावयास हवा आणि ‘व्यापाऱ्यांचा’ यातील अर्धा र तर तिसऱ्याच रूपाने बसावयास हवा. ही सर्व कवायत फाँटाच्या पोटात बसवावी लागते.

मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात जोशी व त्यांचे तरुण सहकारी यांनी ते काम केले. त्यातून ‘मंगल’ हा फाँट सिद्ध झाला व 2000 सालच्या विंडोज 2000 या प्रणालीबरोबर घरोघर पोहोचला. पाठोपाठ गुजरातीसाठी ‘श्रुती’, कन्नडसाठी ‘तुंगा’ आणि तेलुगूसाठी ‘गौतमी’ हे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाले. वडोदऱ्याच्या, बेळगावच्या आणि हैदराबादच्या आमच्या बांधवांना घरात एक लिपी व बाजारात दुसरी चालवावी लागते. त्या दोन्ही लिप्या संगणकावर एकाच माणसाच्या हाताखालून याव्यात, हा योग विरळाच!

‘मंगल’ देखणा आहे काय? आमच्या मते, फारसा नाही. त्याचे वळण पडद्यावर वाचता यावे यासाठी बेतलेले. लग्नपत्रिकेवर तो रुक्ष दिसतो आणि कोणी रसिक दुकानदार त्यात पाटी रंगवून घेणार नाही. 2012 च्या विंडोज 8 पासून ‘निर्मला’ हा नवा फाँटही आला आहे. तथापि दहा-बारा वर्षे सरकारी अर्जापासून उधारीच्या स्मरणपत्रापर्यंत देशाची देवनागरी प्रामुख्याने ‘मंगल’ने वाहिली. ज्यांनी त्यात लिहिले त्यांतल्या बहुतेकांना कर्त्याचे नावही ठाऊक नव्हते.

लोकसेवेचे अंग याच कामातून सहज पुढे येते. देवनागरीचाच ‘रघु’ हा फाँट त्यांच्या संस्थेने मुक्त परवान्याखाली खुला केला. तो कोणीही फुकट घ्यावा, वाटावा, सुधारावा. फक्त सुधारलेला इतरांना वाटावयाचा झाल्यास त्याच अटीवर वाटावा. बोधचिन्हाचा व्यवहार नेमका याच्या उलट आहे. 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याने नोंदणीची मुदत पूर्वीच्या सात वर्षांवरून दहा केली आहे. मुदत संपताच नूतनीकरण न केल्यास पिढीजात छाप हातचा जाण्याची भीती असते, हे जाता जाता आमच्या सभासदांच्या कानी घालतो. आपले चिन्ह एकट्याचे असावे हे जितके रास्त, तितकेच अक्षर सर्वांचे असावे हेही रास्त, असे दोन्ही व्यवहार जोशींनी एकाच आयुष्यात केले.

अखेरच्या वर्षांत ते वेदपठणाची स्वरचिन्हे युनिकोडमध्ये यावीत म्हणून खटपट करीत होते. 2008 साली ते निवर्तले. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र संच युनिकोडने पुढल्याच वर्षी, 2009 साली, आपल्या तक्त्यात दाखल करून घेतला.