नऊ बोटांचा पियानो

परवा रात्री हेडफोन लावून सहज शोधाशोध करत होते. एक पियानो लागला. इतका दबका की वाटलं, रेकॉर्डिंगच बिघडलंय. मग कान टवकारले, तर मागे लाकडाची करकर, आणि चक्क वाजवणाऱ्याचा श्वास!

हा जर्मनीचा निल्स फ्राम, अल्बम 'फेल्ट' (२०११). रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून पठ्ठ्याने तारांवर जाड फेल्टचं कापड घातलं आणि माइक पार तारांपर्यंत आत नेले. अडचणीतून आवाजच नवा सापडला! २०१२ मध्ये अंगठा मोडला, तर उरलेल्या नऊ बोटांनी नऊ रचना केल्या आणि 'स्क्रूज' नावाने चाहत्यांना फुकट देऊन टाकल्या.

दुसरा आइसलँडचा ओलाफुर आर्नाल्ड्स. मूळचा हार्डकोर बँडमधला ड्रमर! २००९ च्या एप्रिलमध्ये सात दिवस रोज एक रचना करून त्याच दिवशी इंटरनेटवर मोफत टाकली. तोच 'फाउंड साँग्ज'. पियानो, व्हायोलिन आणि खाली हलकेच चालणारे इलेक्ट्रॉनिक आवाज. हे अल्बम काढले लंडनच्या 'इरेज्ड टेप्स' या स्वतंत्र लेबलने.

पहिल्यांदा ऐकताना 'पुढे काही घडतच नाही' असं वाटेल. मलाही वाटलं. तीच सुरावट फिरत राहते, बदल होतो तो आवाजाच्या पोतात.

एकच विनंती: मोबाइलच्या स्पीकरवर नको. दिवे मालवा, हेडफोन लावा आणि 'फेल्ट'पासून सुरुवात करा. ती करकर ऐकू आली की कमेंटमध्ये सांगा!