अर्जाला उत्तर का येत नाही?

करमाडच्या शेजारी शेंद्रा औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे शेंद्रा-बिडकीन येथे ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर आकारास आले. आपले तरुण तेथील कारखान्यांना टपालाने अर्ज पाठवितात व पोस्टमनची वाट पाहत राहतात. उत्तर आले नाही की आपण अपात्र ठरलो, असे समजून ते खचतात. परंतु मौन म्हणजे नकार नव्हे. पुष्कळदा अर्ज योग्य टेबलापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

म्हणून पाकिटावर मनुष्यबळ विभागाचा पत्ता, पदाचे नाव व जाहिरातीची तारीख स्पष्ट लिहावी. अर्ज एका पानाचा असावा. आरंभीच आयटीआयचा ट्रेड, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष व अनुभव नमूद करावा. मोबाइल क्रमांक चालू हवा, कारण बोलावणे बहुधा फोनवरच येते. मूळ प्रमाणपत्रे कधीही पाठवू नयेत.

२०२५ मध्ये रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. पावतीवरील क्रमांकावरून अर्ज केव्हा पोहोचला ते कळते. त्यानंतर दहा दिवसांनी ती तारीख सांगून नम्रपणे विचारणा करावी.

पालकांनीही ‘उत्तर आले का?’ असे रोज विचारण्याऐवजी मुलांना पुढचा अर्ज लिहिण्यास साह्य करावे.