अपराध्यांची सुधारणा : उपाय आणि पडताळा

अपराध्यास शिक्षा कां द्यावयाची, या प्रश्नाचें उत्तर बहुतेक घरांत तयार असतें. परंतु शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसानें पुन्हा तेंच करूं नये यासाठीं काय केलें पाहिजे, असें विचारलें कीं मतें फुटतात. कोणी म्हणतो धाक हवा, कोणी म्हणतो माया हवी. आणि दोन्ही पक्षांच्या पदरीं सुधारलेल्या माणसाची एखादी गोष्ट असतेच. औंध संस्थानांत स्वतंत्रपूर येथें बंद्यांची खुली वसाहत वसली. तिच्यावरून स्फुरलेला व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ सालीं निघाला; तेव्हांपासून मराठी मनाचा कल मायेकडे झुकला असल्यास नवल नाहीं. गोष्टीनें मन द्रवतें खरें. पण त्याच बंद्यांस कोठडींत ठेवलें असतें तर त्यांचें काय झालें असतें, हें गोष्ट सांगूं शकत नाहीं. तें सांगावयास तुलनेसाठीं दुसरा गट लागतो.

अशी तुलना, तीही विलक्षण प्रामाणिकपणें, अमेरिकेंत बोस्टनलगतच्या केंब्रिज व सोमरव्हिल या दोन गांवीं झाली. योजना रिचर्ड कॅबट या वैद्यांची. पुढें बिघडतील अशी भीति असलेले आणि तशी भीति नसलेले, असे दोन्ही प्रकारचे मुलगे त्यांत निवडले होते. वय, स्वभाव, घरची परिस्थिति यांत एकमेकांशीं जुळणाऱ्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि दोघांपैकीं मदत कोणास द्यावयाची हें नाणें उडवून ठरविलें. १९३९ पासून १९४५ पर्यंत काम चाललें. हिशेबांत अखेर ५०६ मुलगे राहिले; निम्मे मदतीचे, निम्मे नुसत्या नोंदीचे. मदतीच्या मुलांकडे सल्लागार सरासरीनें महिन्यांतून दोनदां जात. अभ्यास घेत, वैद्याकडे नेत, घरच्या अडचणींत सल्ला देत, आणि कित्येकांस उन्हाळी शिबिरास धाडीत. एकेका मुलास हा लाभ सरासरी साडेपांच वर्षें मिळाला. यांत वावगें काय आहे, असें कोणीही सुजाण गृहस्थ विचारील.

त्या मुलांचे पुढें संसारी पुरुष झाले. सुमारें तीस वर्षांनीं जोन मकॉर्ड या विदुषीनें त्यांचा माग काढला. शेंकडा ९५ जणांचा पत्ता लागला, हीच एक कामगिरी म्हणावी लागेल. त्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९७८ सालीं प्रसिद्ध झाले. मदत मिळालेल्यांपैकीं ज्यांनीं उत्तरें पाठविलीं, त्यांतील दोनतृतीयांश लोकांनीं त्या मदतीनें आपलें भलें झालें असें सांगितलें. पण न्यायालयांचीं व इस्पितळांचीं दप्तरें निराळेंच सांगत होतीं. गुन्ह्याखालीं दोषी ठरलेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखी होती. मात्र एकदां दोषी ठरल्यावर पुन्हा गुन्हा करणारे मदतीच्या गटांत अधिक होते. दारूचें व्यसन आणि गंभीर मानसिक विकारही त्याच गटांत अधिक होते. पुढें १९९९ सालीं ही नोंद पुन्हा चाळली, तेव्हां असें दिसलें कीं अपाय मुख्यतः वारंवार उन्हाळी शिबिरास गेलेल्या मुलांस झाला होता. मुलगे तेथें वडीलधाऱ्यांपेक्षां एकमेकांपासूनच अधिक शिकले असावेत. तुलनेचा गट नसता तर हें कोणासही कळलें नसतें. कृतज्ञतेचीं पत्रें तेवढीं उरलीं असतीं.

दरम्यान तुरुंगांतील सुधारणेवरही घाव पडला होता. रॉबर्ट मार्टिन्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९४५ ते १९६७ या काळांतील २३१ अभ्यास तपासले. त्यावर मार्टिन्सन यांनीं १९७४ सालीं एका नियतकालिकांत लेख लिहिला. तुरळक अपवाद सोडल्यास सुधारणेच्या प्रयत्नांनीं पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणावर म्हणण्यासारखा परिणाम केलेला नाहीं, असा त्याचा आशय होता. लोकांनीं त्याचें दोन शब्दांचें सूत्र केलें : 'सर्व व्यर्थ'. कडक शिक्षेच्या पुरस्कर्त्यांस तें आवडलें यांत नवल नाहीं. पण उदारमतवाद्यांनींही तें उचललें. 'सुधारला कीं नाहीं' हें अधिकाऱ्यांनीं ठरवावें आणि तोंवर कैद्यानें आंत खितपत पडावें, ही पद्धत त्यांस जाचक वाटत होती. १९८४ च्या कायद्यानें अमेरिकेच्या मध्यवर्ती तुरुंगांतून पॅरोलची पद्धत पुढील गुन्ह्यांपुरती बंद झाली. मार्टिन्सन यांनीं १९७९ सालींच नव्या अभ्यासांच्या आधारें आपलें मत मागें घेतलें होतें. कांहीं उपाय गुणकारी ठरतात, कांहीं अपायकारक, आणि भेद परिस्थितीचा आहे, असें त्यांनीं लिहिलें. तें वाचावयास फारसें कोणी थांबलें नाहीं.

तोच धागा कॅनडांतील मानसशास्त्रज्ञांनीं उचलला. डॉन अँड्रूज, जेम्स बॉन्टा, पॉल जेंड्रो प्रभृतींनीं १९९० च्या सुमारास अनेक अभ्यास एकत्र मोजले. नुसत्या शिक्षेनें पुन्हा गुन्हा करण्याचें प्रमाण घटत नाहीं. योग्य उपचारानें घटतें, अयोग्य उपचारानें घटत नाहीं, असें त्यांस आढळलें. मग योग्य कशास म्हणावें? ज्याच्या हातून पुन्हा गुन्हा घडण्याचा संभव मोठा, त्याच्यावर श्रम अधिक खर्चावे. पहिल्यांदाच चुकलेल्या कारकुनास मुरलेल्या चोरांच्या वर्गांत बसविलें तर तो बिघडावयाचा. उपचाराचा रोखही नेमका हवा. संगत, व्यसन, उतावळा स्वभाव, गुन्ह्याचें समर्थन करणारी विचारसरणी, कामधंदा व घर, यांवर तो असावा. नुसता आत्मसन्मान वाढविल्यानें फार साधत नाहीं, क्वचित् आत्मसन्मान वाढलेला चोर तेवढा पदरांत पडतो! शिकवण्याची रीत शिकणाऱ्यास झेपेल अशी असावी. ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या हातीं पुस्तिका देऊन काय उपयोग? राग आला असतां काय करावें हें त्याच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावें, पुन्हा पुन्हा.

धाकाचीही परीक्षा झाली आहे. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगांत जन्मठेपेचे कैदी वाट चुकलेल्या मुलांस दरडावून तुरुंगाची भीति घालीत. त्यावरील १९७८ च्या माहितीपटास ऑस्कर पारितोषिक मिळालें आणि त्याचें अनुकरणही झालें. पुढें अशा प्रकारचे नऊ प्रयोग चिठ्ठ्या टाकून केलेल्या वांटणीनें पारखले गेले, तेव्हां धाक घातलेल्या मुलांनीं न घातलेल्यांपेक्षां अधिक गुन्हे केल्याचें एकत्रित हिशेबांत निघालें.

म्हणून कॅनडाच्या पद्धतीची मोहोर लागली कीं काम झालें, असेंही नाहीं. संशोधक स्वतः देखरेख करतात तेथें गुण अधिक दिसतो. तोच उपचार शेंकडों तुरुंगांत सरकारी शिस्तीनें वाटला कीं पातळ होतो. इंग्लंड व वेल्समध्यें लैंगिक गुन्हेगारांसाठीं तुरुंगांतून अनेक वर्षें गटचर्चेचा अभ्यासक्रम चालला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत उपचार घेतलेल्या २,५६२ जणांची न घेतलेल्या १३,२१९ जणांशीं सरासरी ८.२ वर्षांच्या नोंदीवरून तुलना केली. पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे पहिल्यांत शेंकडा १० व दुसऱ्यांत शेंकडा ८ निघाले. सरकारनें तो अभ्यासक्रम बंद केला आणि त्याच्या जागीं दुसरे दोन आणले. तेही गुणकारी ठरले कीं नाहीं, हें ते पुरे करून सुटलेले लोक बाहेर कित्येक वर्षें राहिल्यावांचून कळावयाचें नाहीं.