खेळ जेव्हा शब्द मोडतो

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्याला आठवते ते पोरांचे वेड, डोळ्यांवरचा ताण आणि बुडालेला अभ्यास. पण या खेळांनी पोरांचा केलेला अपेक्षाभंग हा विषय घरात सहसा कुणी काढत नाही. हट्टाने आणलेला गेम दोन दिवसांत कोपऱ्यात पडला, की 'पैसे पाण्यात घातलेस' एवढे बोलून आपण मोकळे होतो. त्या पोराचे नेमके काय हरवले? ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

१९८२ साली अमेरिकेत स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' हा चित्रपट तुफान चालला. पृथ्वीवर एकटाच मागे राहिलेला परग्रहावरचा एक जीव, आणि त्याची घरी जाण्याची ओढ, एवढीच गोष्ट. अटारी या कंपनीने त्यावर गेम काढायचे ठरवले. तो नाताळच्या आत दुकानांत पोहोचायला हवा होता. अशा कामाला तेव्हा काही महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कसबी प्रोग्रामरला मिळाले जेमतेम पाच आठवडे. त्याने ते काम मुदतीत पुरेही केले.

या खेळात टेलिफोनचे तीन तुकडे शोधायचे, घरी निरोप धाडायचा आणि यान गाठायचे. पण वाटेत खड्डेच खड्डे! पाय खड्ड्याबाहेर दिसत असले, तरी आकृतीचे डोके खड्ड्याच्या चित्राला टेकले की ई.टी. आत पडे. मान लांबवून वर यावे, तर जरा हात चुकला की पुन्हा खाली.

सिनेमा वाईट निघाला, तर आपण दिग्दर्शकाला नावे ठेवून घरी येतो. गेममध्ये कळ आपल्या हातात असते. ई.टी. पडला की खेळणाऱ्या मुलाला वाटते, आपलाच हात कच्चा. ते पुन्हा पुन्हा झटते. वास्तविक दोष रचनेत असतो. म्हणूनच गेममधली निराशा इतकी जिव्हारी लागते. पैशांबरोबर स्वतःवरचा भरवसाही थोडा खर्च होतो.

पुढे लाखो कार्ट्रिज पडून राहिली. १९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदाच कोसळला. त्याचे खापर एकट्या 'ई.टी.'वर फोडता येणार नाही. कमअस्सल खेळांचा तेव्हा बाजारात पूर आला होता. त्याच वर्षी अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरला. कित्येकांना ही दंतकथाच वाटे. २०१४ साली तिथे खोदकाम झाले आणि 'ई.टी.'ची कार्ट्रिज खरोखरच मातीतून वर आली.

आपल्याकडे १९९०च्या दशकात स्वस्तातले नकली टीव्ही गेम घरोघरी आले. कार्ट्रिजला आपली पोरे 'कॅसेट' म्हणत. त्या कॅसेटवर छापलेले असे, '९९९९ इन १'. लावून पाहावे, तर तेच मूठभर खेळ नावे बदलून, नाहीतर मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारे. छापलेल्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, याचा पहिला धडा अनेक मुलांना या कॅसेटने दिला.

काळ बदलला, वायदे मोठे झाले. २०१६ साली इंग्लंडमधल्या हॅलो गेम्स या छोट्या कंपनीचा 'नो मॅन्स स्काय' आला. त्यात ग्रह किती? १८ वर १८ शून्ये! या अफाट विश्वात कधीतरी दुसरा खेळाडूही भेटू शकेल, अशी आशा लोकांना लावली गेली होती. पहिल्याच दिवशी दोघे जण ठरवून एकाच ग्रहावर, एकाच ठिकाणी पोहोचले. पण त्यांना एकमेक दिसलेच नाहीत. कंपनी मग फारसे न बोलता कामाला लागली. वर्षानुवर्षे तिने मोफत सुधारणा दिल्या आणि २०१८ साली सोबतीने खेळण्याची नीट सोयही केली. डिसेंबर २०२० मध्ये आलेला 'सायबरपंक २०७७' जुन्या यंत्रांवर इतका अडखळत होता, की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून पैसे परत देऊ केले. दुरुस्ती झाल्यावर जून २०२१ मध्ये तो परतला.

१९८२चे कार्ट्रिज एकदा विकले की सुधारता येत नसे. आज इंटरनेटवरून दुरुस्ती घरपोच येते. ही मोठीच सोय आहे; पण 'आधी विकू, मग सुधारू' ही सवय त्यातूनच बळावली. त्यातच गेम निघण्याआधीच पैसे भरून मागणी नोंदवण्याची पद्धत आहे. म्हणजे ज्याची पारख करायची, त्याची किंमत आधीच चुकती.

यावर उपाय साधा आहे. नवा गेम निघाला की थोडी सबुरी धरावी. इतरांनी खेळून काय म्हटले ते वाचावे, मग पैसे मोजावेत. आणि घरातले पोर गेम बाजूला टाकून गप्प बसले असेल, तर त्याला दोन शब्द सुनावण्याआधी जवळ बसून विचारावे, 'अरे, त्यात काय असेल असं तुला वाटलं होतं?' ते जे सांगेल, ते कदाचित त्या गेमपेक्षा कितीतरी सुरस असेल.