बजेटला धरलंय, मग खड्डा का बुजत नाही?

फेब्रुवारी-मार्च आला की कोल्हापूर महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा आकडा पेपरात ठळक छापून येतो. अलीकडे तो हजार कोटींच्या वरच असतो. तालमीच्या कट्ट्यावर मग एकच विषय: एवढा पैसा असून आमच्या गल्लीचा रस्ता असा का? प्रश्न रास्त आहे. पण त्याची उत्तरं म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

“बजेटला धरलंय म्हणजे पैसे आले.”

हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज, आणि तो बसवण्यात पुढाऱ्यांचा हात मोठा आहे. अंदाजपत्रकातली जमा ही पुढच्या वर्षी येईल अशी अपेक्षा असते. त्यात घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांचं शुल्क, गाळ्यांचं भाडं आणि वर्षानुवर्षांची थकबाकीसुद्धा येते. जमेची बाजू फुगवली की खर्चाच्या बाजूला चार कामं जास्त लिहिता येतात आणि सगळे खूश होतात. वसुली झाली नाही की वर्षाअखेरी सुधारित अंदाजपत्रकात तीच कामं गुपचूप आटतात. म्हणून नव्या आकड्यापेक्षा गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा किती, तो रकाना आधी बघावा. बातमीत तो क्वचितच येतो.

महापालिका अधिनियम सांगतो की चालू अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर महापालिका निधीतून रक्कम देता येत नाही. याचा अर्थ तरतूद असली की काम झालंच, असा नाही. तरतुदीनंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, ठरावीक रकमेवरच्या कंत्राटाला स्थायी समितीची मंजुरी, कार्यादेश, मग मोजमाप पुस्तक आणि शेवटी बिल. बिलाच्या वेळी तिजोरीत रोकड नसेल तर ठेकेदार थांबतो, आणि पुढच्या निविदेला ठेकेदार मिळत नाही. तुमचा खड्डा बहुतेक वेळा या साखळीत कुठंतरी अडकलेला असतो.

“महापालिका आमच्या घरफाळ्यावर चालते.”

निम्मं खरं. शहराचा मोठा आधार पूर्वी जकात होती. तिच्या जागी 2011 मध्ये स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला आणि व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दंड थोपटले. ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं. 2016-17 हे वर्ष पाया धरून त्यात दरवर्षी 8 टक्के वाढ, असं हे गणित कायद्यानं बांधलेलं आहे. जकातनाक्यावर रोज पडणारा पैसा शहराच्या व्यापाराबरोबर वाढत होता. आता बाजारपेठ कितीही वाढली तरी महापालिकेच्या हाती ठरलेलीच वाढ येते, आणि तीही मुंबईहून सुटेल तेव्हा.

जाता जाता एक गोष्ट. घरफाळ्याच्या बिलातला शिक्षण कर महापालिकेचा नसतो. तो राज्य सरकारचा, पालिका फक्त वसूल करून देते.

“हजार कोटींतून खड्ड्यांना दहा कोटी काढायला काय जातंय?”

पगार, पेन्शन आणि शिंगणापूर-बालिंग्याच्या उपशाचं वीजबिल आधी निघतं. शहर बससेवेचं म्हणजे केएमटीचं अंदाजपत्रक वेगळं, पण तिचा तोटा अखेर महापालिकेच्याच गळ्यात. महिला-बालकल्याणासाठी 5 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के राखून ठेवावे लागतात. पंधराव्या वित्त आयोगाने कोल्हापूरसारख्या दहा लाखांखालच्या शहरांचं 60 टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून टाकलं होतं. त्या पैशाने डांबर घेणं ही अनियमितता ठरते, आणि लेखापरीक्षणात ती निघते.

“महापौर ठरवतील ते होतं.”

महापौर सभा चालवतात. अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीला देतात. 16 जणांची ही समिती त्यात भर घालून ते महासभेपुढे नेते. खर्चाची अंमलबजावणी पुन्हा आयुक्तांच्याच हाती. स्थायीतले निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. त्या जागांसाठी जी ओढाताण चालते, तिच्यावरून खरी चावी कुठे आहे हे कळतं.

“बाहेरून पैसा आला की शहराला फुकट.”

तसं नसतं, हे कोल्हापूरकरांना तरी सांगायला नको होतं. एकात्मिक रस्ते प्रकल्पाचा करार 2008 मध्ये झाला: सुमारे 49 किलोमीटर रस्ते, 220 कोटींचा खर्च. महापालिकेला पैसा घालायचा नव्हता, म्हणून अंदाजपत्रकाच्या दृष्टीने सौदा देखणा दिसत होता. ठेकेदार कंपनीला बदल्यात मिळणार होता 30 वर्षं टोल आणि टेंबलाईवाडीची मोक्याची जमीन दीर्घ भाडेपट्ट्याने. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली आणि शहर रस्त्यावर उतरलं. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे होती. जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. अखेर टोल गेला, पण राज्य सरकारने कंपनीला साडेचारशे कोटींहून अधिक रक्कम देण्याचं मान्य केल्यावरच. 220 कोटींच्या रस्त्यांची किंमत अशी दुपटीवर गेली, आणि ती भरली करदात्यांनी. गैरसोय एवढीच की हा भार कोल्हापूरच्या कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. मला वाटतं, टोलविरोधी लढ्याचा हा हिशेब आपण पुरेसा बोललोच नाही. 2008 मध्ये करार होताना तो सभागृहात विचारला गेला असता तर बरं झालं असतं.

काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनमध्ये फरक एवढाच की अनुदान खरंच आलं. पाचशे कोटींच्या घरातली ही योजना बहुतांशी केंद्राच्या पैशाची होती, पण महापालिकेलाही स्वहिस्सा घालावा लागला. काम 2014 मध्ये सुरू झालं आणि पाणी आलं नोव्हेंबर 2023 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर. अनुदान बांधकामाला मिळतं. पंप चालवण्याचं आणि गळती काढण्याचं बिल मात्र दरवर्षी महसुली खर्चात येऊन बसतं. नवीन योजनेची घोषणा झाली की आधी विचारावं, ती चालवायला वर्षाला किती लागणार?

“नगरसेवक नव्हते, तेव्हा बजेटही नव्हतं.”

होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर स्थायी समितीचे आणि महासभेचे अधिकार प्रशासकाकडे गेले. एकाच अधिकाऱ्याने अंदाजपत्रक मांडायचं आणि त्यानेच मंजूर करायचं, असं पाच वर्षं चाललं. काही कामं त्यामुळे झपाट्याने झाली, हे मान्य करायला हवं. पण कुठलं काम कुणाच्या आग्रहाने घुसलं आणि कुठलं कुणी कापलं, हे सभेच्या इतिवृत्तात उरायचं, ते या वर्षांत उरलं नाही. जानेवारी 2026 मध्ये 81 जागांसाठी मतदान झालं. आता आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला “किती निधी आणला” यापेक्षा स्थायीत कुठल्या निविदेवर हात वर केला आणि कुठल्या नाही, हे विचारता येईल; इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मिळतं.