कोठडीतून येणारा फोन

अमेरिकेत व्हिसा किंवा कागदपत्रांवरून एखाद्याला इमिग्रेशनच्या कोठडीत ठेवलं, की त्याचा मोबाईल काढून घेतात. आतून बाहेर फोन करता येतो, पण आपण इथून लावलेला फोन त्याला मिळत नाही. म्हणून परदेशी जाणाऱ्याला घरचे एकदोन नंबर तोंडपाठ हवेत.

हा फोन इतका मोलाचा का? तिथे चोरी-मारामारीच्या खटल्यात गरिबाला सरकार वकील देतं, पण इमिग्रेशनच्या खटल्यात सहसा देत नाही. तो आपणच शोधावा लागतो. कोरोनाच्या काळात महिन्याला ५२० मिनिटं फुकट मिळायची. ती सवलत २०२४ मध्ये बंद झाली. मात्र नेमून दिलेल्या यादीतल्या मोफत वकिलांना आणि आपल्या वकिलातीला फोन फुकट करता येतो. वकिलातीला कळवा, असं सांगण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानं दिला आहे.

फोन आला की रडू येणारच. पण आधी तीन गोष्टी लिहून घ्या: कोठडीचं ठिकाण, त्याचा ‘ए’ नंबर आणि कोर्टाची तारीख. घरचं बोलणं ऐकलं जाऊ शकतं, म्हणून खटल्याचं बोलणं वकिलाशीच होऊ द्या.