जाहिरात-भेटवस्तू

उत्पादनाचे वा पेढीचे नाव, बोधचिन्ह किंवा संदेश छापून ग्राहक, विक्रेते व इतर संबंधित व्यक्ती यांना विनामूल्य देण्यात येणाऱ्या उपयुक्त वस्तू. दिनदर्शिका, रोजनिशी, लेखणी, किल्ल्यांची साखळी, कापडी पिशवी, छत्री, भिंतीवरील घड्याळ इ. त्यांतील परिचित प्रकार होत. खरेदीबरोबर सशर्त मिळणारे बक्षीस व उत्पादनाचा नमुना यांहून ही वस्तू वेगळी. ती मिळविण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. वृत्तपत्रातील जाहिरातीचे आयुष्य एका दिवसाचे असते. भेटवस्तू वापरात असेपर्यंत काम करीत राहते आणि वापरली गेली नाही, तर तिच्यावरील सर्व खर्च वाया जातो. म्हणून वस्तूचा भाव विचारण्यापूर्वी तिच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे, हे ठरविणे आवश्यक असते [→ जाहिरात].

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ओहायओ राज्यात जॅस्पर मीक या वृत्तपत्रमालकाने पादत्राणांच्या दुकानाचे नाव छापलेली दप्तरे शाळकरी मुलांना वाटविली. मुले गावभर हिंडत व त्यांच्याबरोबर दुकानाचे नावही हिंडे. भारतात हे काम मुख्यत्वे दिनदर्शिकेने केले. राजा रविवर्मा यांच्या १८९४ साली मुंबईत निघालेल्या शिळामुद्रणालयामुळे देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी गेली. साबण, शिशुआहार इ. विकणाऱ्या कंपन्यांनी तशी चित्रे दिनदर्शिकांवर घेतली. देवाचे चित्र वर्ष संपल्यावरही फेकले जात नाही, हा त्यातील व्यापारी हिशेब होता. पुढे रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल यांच्या चित्रांनी ही परंपरा चालविली. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’ने तिथी, सण आणि पाठपृष्ठावरील मजकूर यांच्या बळावर दिनदर्शिका ही पैसे देऊन घेण्याची वस्तू बनविली, तेव्हापासून केवळ सुंदर चित्राची फुकट दिनदर्शिका मागे पडू लागली. महाराष्ट्रातील सर्वांत विचारपूर्वक योजलेली भेट कदाचित वस्तूऐवजी वाचनाची होती : शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून स्वतंत्र कीर्तीस पोहोचले.

निवड : कोणाला द्यावयाची, ती कोठे राहील आणि खरेदीचा निर्णय केव्हा होतो, हे तीन प्रश्न निर्णायक असतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात धान हे प्रमुख पीक असून भातगिरण्या हा महत्त्वाचा व्यवसाय आहे. तेथील बियाणे-विक्रेत्याचे गिऱ्हाईक मृगाच्या सुमारास पऱ्हे टाकण्याआधी बियाणे घेते. जानेवारीत दिलेली लेखणी तोवर हरवलेली असते, दिनदर्शिका मात्र मे महिन्यातही डोळ्यांसमोर असते. भातगिरणीचे गिऱ्हाईक बहुधा परगावचा तांदूळ-व्यापारी. त्याच्या गादीवर राहील अशी मेजावरची दिनदर्शिका वा रोजनिशी त्याला उपयोगी पडते. नव्याने उघडलेल्या कापडदुकानाची गरज आणखी निराळी. त्याला जुन्या गिऱ्हाइकास आठवण द्यावयाची नसून अनोळखी लोकांस नाव कळवावयाचे असते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या गर्दीत हातात मिरवणारी पिशवी हे काम घरातल्या घड्याळापेक्षा चांगले करते.

तपशिलाकडे दुर्लक्ष झाल्यास योग्य वस्तूही निरुपयोगी ठरते. गोंदियाच्या बाजारपेठेत मराठी भाषकांबरोबर शेजारच्या बालाघाट, राजनांदगाव भागांतील हिंदी भाषक गिऱ्हाईकही येते. मराठी पंचांग अमान्त, तर त्या भागात प्रचलित असलेले पौर्णिमान्त आहे. कृष्ण जन्माष्टमीचा दिवस एकच. परंतु मराठी गणनेने तो श्रावण वद्य अष्टमीस, हिंदी गणनेने भाद्रपद कृष्ण अष्टमीस येतो. एकाच पद्धतीची दिनदर्शिका सर्वांना वाटल्यास काही घरांत ती पाहिलीच जात नाही. वाटपाची वेळही तितकीच महत्त्वाची. भिंतीवर खिळा बहुधा एकच असतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत तो अडलेला असतो. नाव फार ठळक छापण्याचा मोहही टाळावा लागतो. जिच्यावर जाहिरातच अधिक दिसते, ती पिशवी लग्नकार्याला कोणी नेत नाही. हलकी वस्तू तर उलटे काम करते : दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या घड्याळावरही पेढीचे नाव असतेच.

लहान व्यापाऱ्यास या खर्चाची चूक अधिक जाचते, कारण त्याच्या वर्षभराच्या जाहिरातीची सर्व रक्कम बहुधा एकाच वस्तूत गुंतलेली असते. त्याने प्रथम थोड्या प्रती वाटून काही महिन्यांनी दहा-वीस ठिकाणी त्या वापरात आहेत का, हे प्रत्यक्ष पाहणे हितावह. सर्वांना हलकी वस्तू देण्यापेक्षा नेमक्या थोड्या लोकांना टिकाऊ वस्तू देणे पुष्कळदा स्वस्त पडते.

कायदेशीर मर्यादा : विडी हा गोंदियाचा जुना उद्योग, परंतु २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने अधिनियमाने तंबाखूजन्य मालाच्या जाहिरातीवर व्यापक बंधने घातली असून विडीचे नाव मिरविणाऱ्या भेटवस्तूंना त्यामुळे वाव उरलेला नाही [→ विडी उद्योग]. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर निर्बंध आल्याने दुकानदार कापडी व कागदी पिशव्यांकडे वळले. औषधकंपन्यांनी डॉक्टरांना वैयक्तिक भेटी देण्यास २०२४ च्या विपणन संहितेने मनाई केली असून माहितीपर वा शैक्षणिक स्मरणवस्तूंची मर्यादा प्रत्येकी १,००० रुपये ठेवली आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यानुसार भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा वस्तूची किंमत ठरविताना हा करही खर्चात धरावा लागतो.